जुन्या मारुती ८०० चे पुढचे डावे चाक ब्रेक धरून राहते: दोष कॅलिपरचा, होजचा की मास्टर सिलिंडरचा?

गुहागरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांची २००३ सालची मारुती ८०० गुहागरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. वयोमानामुळे ते आता गाडी चालवत नाहीत. त्यामुळे गेली चार वर्षे ही गाडी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाजारापर्यंत जाऊन येते आणि जून ते सप्टेंबर तर बहुधा जागची हलतही नाही. घर समुद्रापासून जवळ असल्याने खारा वारा बारा महिने लागतो. इंजिन, गिअर आणि क्लच उत्तम आहेत, बॉडीही बऱ्यापैकी टिकली आहे आणि सासऱ्यांचा या गाडीवर फार जीव आहे. म्हणून ती मोडीत न काढता नीट चालती ठेवावी, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे.

गेल्या महिन्यात मी ती कराडला घेऊन निघालो. गुहागर ते चिपळूण काहीही जाणवले नाही. कुंभार्ली घाट अर्धा चढून झाल्यावर गाडी जड वाटू लागली. दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढणारी गाडी पहिला गिअर मागू लागली, स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले आणि जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. वर हेळवाकला थांबून पाहिले, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, उजवे चाक कोमट होते आणि मागची दोन्ही चाके थंड होती. ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा वर आणि कडक लागत होते. साधारण चाळीस मिनिटे थांबल्यावर गाडी आपोआप मोकळी झाली आणि पाटणपर्यंत व्यवस्थित आली; त्यानंतर पुन्हा हलका वास सुरू झाला.

कराडला एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलून घेतले, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना ग्रीस लावून घेतले आणि पॅड जुने झाल्यामुळेच हे झाले असे मला सांगण्यात आले. परत येताना मात्र तोच प्रकार आधीपेक्षा लवकर आणि जास्त जोराने झाला. आता दुसऱ्या एका ठिकाणी संपूर्ण कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग) दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. खर्चाला माझी ना नाही, परंतु कोणता भाग का बिघडला हे कळल्याशिवाय सुटे भाग बदलत राहणे मला पटत नाही. माझ्याकडे पान्यांचा संच, जॅक आणि दोन स्टँड आहेत. चाके, प्लग, फॅनबेल्ट ही कामे मी स्वतः करतो, पण ब्रेक कधी उघडलेला नाही. दोष नेमका कुठे आहे हे घरच्या अंगणात शोधता येईल का, आणि तोपर्यंत गाडी चिपळूणपर्यंत चालवणे कितपत सुरक्षित आहे?

कोल्हापूरकर

प्रश्न अतिशय नीट मांडल्याबद्दल आभार. शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, चिपळूणपर्यंतसुद्धा नको. चाक धरून राहिले की पेट्रोल जास्त जाते आणि पॅड झिजतात, एवढाच हा प्रश्न नाही. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ते हवेतील ओलावा शोषते आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. समुद्रकाठी वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल त्या स्थितीला पोहोचलेले असण्याची शक्यता दाट आहे. धरून राहिलेल्या ब्रेकची उष्णता कॅलिपरमधून ऑइलपर्यंत गेली आणि ते उकळले, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. घाट उतरताना असे घडणे म्हणजे काय, हे कुंभार्ली पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

आता तुमच्या वर्णनातील एक मोलाचा धागा. गाडी घाट चढताना तापली, उतरताना नव्हे. चढावर ब्रेकचा वापर एखाद्या वळणापुरताच होतो, त्यामुळे ती उष्णता ब्रेक मारण्याची असूच शकत नाही. ब्रेक सुटत नसल्याची ती खूण आहे. ब्रेक लागण्याची क्रिया सर्वांना ठाऊक असते, पण सुटण्याची क्रिया फारसे कोणी समजून घेत नाही, आणि तुमचा दोष त्या दुसऱ्या क्रियेत आहे. पाय उचलल्यावर पॅड मागे खेचणारी स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नसते. कॅलिपरमधील पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. दाब आला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील किंचित पिळवटते. दाब गेला की सील पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढे मागे घेते. बस, एवढ्याच हालचालीवर चाक मोकळे होणे अवलंबून असते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: पिस्टन, सील आणि सरकत्या पिना अडखळता कामा नयेत, आणि नळीतला दाब पूर्णपणे परत जाता आला पाहिजे. ऑइल होजमधून (कॅलिपरला जोडलेल्या लवचिक रबरी नळीतून), लोखंडी नळीतून आणि शेवटी मास्टर सिलिंडरमधल्या बारीक छिद्रातून वरच्या डबीत परतते. या वाटेत कुठेही अडथळा आला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात, मग तापतात, तापल्याने ऑइल प्रसरण पावते आणि पकड आणखी घट्ट होते. चाळीस मिनिटांनी थंड झाल्यावर गाडी मोकळी का झाली, याचा उलगडा यातून होतो.

म्हणून शोधायचे ते एवढेच, की दाब अडकला आहे की नाही, आणि अडकला असल्यास कुठे. सपाट, टणक जागी गाडी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि पुढची बाजू उचलून दोन्हीकडे स्टँड द्या. केवळ जॅकवर भरवसा ठेवून चाकाखाली हात घालू नका. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दोन्ही चाके हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज येणे स्वाभाविक आहे, म्हणून डाव्या चाकाची तुलना उजव्याशी करा. घरातील कोणालातरी पेडल वीस-पंचवीस वेळा जोरात दाबून सोडायला सांगा आणि शेवटी पाय उचलल्याबरोबर चाक फिरवून पाहा. होज आतून बुजत आला असेल तर रस्त्यावर न जाताही चाक काही क्षण किंवा एक-दोन मिनिटे धरून राहते आणि मग हळूहळू सुटते.

चाक धरलेले असतानाच पुढची परीक्षा करायची आहे, आणि तिचा क्रम सांभाळा. प्रथम लोखंडी नळी जिथे होजला मिळते तिथला नट पाव ते अर्धा फेरा ढिला करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले, तर दाब वरून, म्हणजे मास्टर सिलिंडरकडून येत आहे. सुटले नाही, तर नट कसून कॅलिपरवरचा ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याचे छोटे तोंड) उघडा. तिथे दाब निघून चाक सुटले, तर दोष होजचा. तिथेही सुटले नाही, तर दाबाचा प्रश्नच नाही; पिस्टन किंवा पिना यांत्रिकदृष्ट्या अडकल्या आहेत. पुष्कळ जण आधी ब्लीडर उघडतात, पण त्यामुळे अडकलेला दाब निघून जातो आणि तो होजच्या खाली होता की वर, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या, निपलला पारदर्शक नळी लावून ऑइल बाटलीत घ्या आणि रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवा, कारण ब्रेक ऑइल रंग खाते.

सोलापूरकर

कोल्हापूरकरांच्या क्रमाशी मी सहमत आहे; तरी पेडल वर आणि कडक लागत होते, ही बाब मला मास्टर सिलिंडरकडे बोट दाखवणारी वाटते, म्हणून तिथले दोन अनुभव सांगतो.

माझ्याकडे १९९८ सालची ओम्नी व्हॅन होती. एकदा ब्रेक लाइटचा स्विच बदलून घेतला आणि त्यानंतर आठ-दहा किलोमीटर चालल्यावर गाडी अडखळू लागली. कारण शोधण्यात तीन आठवडे गेले. नवा स्विच प्रमाणापेक्षा अधिक आत कसला गेल्यामुळे पेडल पूर्ण मागे येत नव्हते. पेडल पूर्ण मागे आले नाही की मास्टर सिलिंडरचा पिस्टनही पूर्ण मागे येत नाही, आणि ऑइल परत जाण्याचे ते बारीक छिद्र रबरी वॉशरखाली झाकलेले राहते. थंड गाडीत काही जाणवत नाही. ऑइल तापून प्रसरण पावले की ते जाणार कुठे? म्हणून सर्वांत आधी, कोणताही पाना हातात न घेता, पेडल बोटाने हलके दाबून पाहावे. प्रत्यक्ष विरोध जाणवण्यापूर्वी थोडी मोकळी चाल मिळालीच पाहिजे. गाडीत बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा भाग) असल्यास इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. व्हॅक्यूम संपल्यावर चाक सुटले तर बूस्टर तपासावा. मास्टर सिलिंडरचे नट दोन-तीन मिलिमीटर ढिले करून सिलिंडर पुढे ओढल्यावर चाक सुटले, तर पुशरॉडची (सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी जास्त झालेली असते.

दुसरा अनुभव अधिक गंभीर आहे आणि त्याचे मूळ आपल्या बोलीत आहे. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे. ते ग्लायकोल वर्गातील द्रव आहे आणि ब्रेकमधील रबर त्यालाच मानवेल असे बनवलेले असते. माझ्या एका नातेवाइकांच्या गाडीत डबी रिकामी दिसली म्हणून कोणीतरी चांगल्या भावनेने इंजिन ऑइल ओतले. पंधरा दिवसांत मास्टर सिलिंडरचे वॉशर फुगले, परतीचे छिद्र बुजले आणि चारही चाके धरू लागली. अशा वेळी केवळ ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर आणि होज यांतील प्रत्येक रबर बदलावे लागते. त्यामुळे आपल्या गाडीची डबी उघडून झाकणाचे रबर पाहावे. ते फुगलेले, सैल किंवा चिकट झालेले असेल, तर पुढचा सगळा विचारच बदलेल. चार वर्षांत डबीत कोणी काय घातले, हेही घरात विचारून घ्यावे.

कोल्हापूरकर

सोलापूरकरांनी सांगितलेली झाकणाची तपासणी अवश्य करावी. मात्र मास्टर सिलिंडरबद्दल एक विचार मांडतो. तिथे दाब अडकला तर तो एका चाकापुरता राहत नाही. त्या नळीवरची किमान दोन चाके धरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत नळ्यांची विभागणी कर्णरेषेत, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे अशी असते. मागच्या ड्रममधील स्प्रिंगा लायनरना (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना) जोराने मागे ओढत असल्याने थोडा उरलेला दाब तिथे उष्णतेच्या रूपात दिसणार नाही, हे खरे आहे. त्यामुळे मागचे चाक थंड होते एवढ्यावर मास्टर सिलिंडर निर्दोष ठरत नाही. तरीही एकच चाक इतके तापणे, हे मला त्या चाकाजवळच्या दोषाचे लक्षण वाटते. पेडल वर लागण्याचे कारणही तिथे मिळू शकते: पॅड मागे गेलेलेच नसतील, तर पेडलला त्यांना पुढे आणण्यासाठी चाल लागत नाही. अर्थात हा तर्क झाला. निकाल तो नटच देईल.

गुहागरकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मागच्या शनिवार-रविवारी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

डबीतले ऑइल चहासारखे गडद झाले होते, पण झाकणाचे रबर कडक आणि आकारात होते. सासऱ्यांना विचारले, गाडी उभी राहू लागल्यापासून डबीत कोणी काहीही घातलेले नाही आणि ऑइल शेवटचे कधी बदलले हे त्यांना आठवत नाही. पेडलला मोकळी चाल आहे. ब्रेक लाइटचा स्विच मूळचाच आहे.

गाडी स्टँडवर घेतली आणि पत्नीने पेडल पंचवीस वेळा दाबले. पाय उचलल्याबरोबर उजवे चाक एका हाताने फिरले. डावे चाक दोन्ही हातांनीही हलेना. घड्याळ लावून पाहिले तेव्हा ते सुटायला दीड मिनिट लागले. तीन वेळा केले, तिन्ही वेळा जवळपास तेच. ज्या गोष्टीसाठी मी दोन वेळा घाटात अडकलो, ती अंगणात डोळ्यांसमोर घडताना पाहून खरोखर समाधान वाटले.

पुढे मात्र अडलो. होजच्या वरचा नट गंजाने इतका धरला आहे, की साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होऊ लागल्या, म्हणून हात आवरला. नाइलाजाने ब्लीडर उघडला. काळपट ऑइल जोराने नळीत आले आणि चाक त्याच क्षणी मोकळे झाले. म्हणजे दाब अडकतो आहे हे सिद्ध झाले, पण होजमध्ये की वर, हे राहून गेले. आणखी एक निरीक्षण: कराडला बदललेले पॅड जेमतेम दोनशे किलोमीटर चालले आहेत, तरी आतला पॅड बाहेरच्यापेक्षा डोळ्यांना कळण्याइतका पातळ झाला आहे. होज बाहेरून पाहता चांगला दिसतो, तडे नाहीत. इतका चांगला दिसणारा होज आतून बंद असू शकतो का?

कोल्हापूरकर

असू शकतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो बाहेरून चांगलाच दिसतो. होज अनेक थरांचा असतो. आतला रबरी थर जुना होऊन फुगतो किंवा त्याचा पापुद्रा सुटतो आणि झडपेसारखा वागू लागतो. पायाचा जोर मोठा असल्याने ऑइल पुढे ढकलले जाते, पण परत येताना मागे फक्त त्या सीलचा नाजूक जोर असतो आणि तो पापुद्रा उचलायला पुरत नाही. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला गेला, तर आतला थर तुटण्याचे तेही एक कारण होते. कॅलिपर नेहमी तारेने वरच्या स्प्रिंगला बांधून ठेवावा. काही गाड्यांत होज पत्र्याच्या कडीतून जातो आणि कडीच्या आत साचलेला गंज होजला आवळतो. खाऱ्या हवेतल्या गाडीत तीही जागा निरखून पाहा.

उजवे चाक लगेच सुटले आणि डाव्याला दीड मिनिट लागले, तेही प्रत्येक वेळी, यावरून मी होजच्या बाजूने कौल देईन. डाव्यासोबत उजवा होजही बदला. दोघांचे वय एकच आहे आणि एकीकडे नवा, दुसरीकडे जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी ओढण्याचा धोका असतो. त्या नटासाठी फ्लेअर पाना घ्या. तो नटाला जवळजवळ चारही बाजूंनी धरतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवा, मात्र ते पॅडवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नका. नट सुटताना लोखंडी नळीही सोबत पिळली जात असेल तर तिथेच थांबा, कारण नळी तुटली तर काम दुप्पट होईल. होज कॅलिपरला बँजो बोल्टने (ऑइल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टने) जोडलेला असेल तर तांब्याचे वॉशर नवेच वापरा.

नाशिककर

थोडा उशिरा सहभागी होत आहे, परंतु पॅडच्या झिजेबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. होजचे निदान बरोबर असावे. तरीही नवे पॅड टाकल्यावर त्रास वाढला आणि आतला पॅड लवकर झिजला, या दोन गोष्टी मला पिस्टनबद्दल शंका घ्यायला लावतात.

जुने पॅड झिजलेले असतात तेव्हा पिस्टन बराच बाहेर आलेला असतो. त्याचा बाहेरचा भाग रबरी टोपीखाली असतो आणि टोपी फाटली किंवा सैल झाली, की ओलावा आत जाऊन नेमक्या त्या भागावर गंज धरतो. तोपर्यंत तो भाग सीलच्या बाहेर असल्यामुळे ब्रेक चालत राहतो. नवे, जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत ढकलला, की तोच गंजलेला पट्टा सीलमध्ये जाऊन बसतो, सील त्याला मागे घेऊ शकत नाही आणि आतला पॅड डिस्कवर रेलून राहतो. पॅड बदलल्यानंतर ब्रेक धरू लागल्याच्या बहुसंख्य तक्रारींमागे मला हेच आढळले आहे, आणि दोष मात्र बिचाऱ्या पॅडवर येतो.

म्हणून होज बदलायला नळी उघडणारच आहात, तर डावा कॅलिपरही उघडून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवीन. पिस्टन बाहेर काढण्यासाठी होज सोडण्यापूर्वी ब्रेकच्या पेडलचाच उपयोग करावा. कंप्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो. लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवल्याशिवाय आणि बोटे दूर असल्याशिवाय ती पद्धत मुळीच वापरू नये. पिस्टनवरचा मुलामा शाबूत असेल आणि केवळ डाग असतील तर ते पुसून निघतात. नखाला खड्डे लागत असतील, तर पॉलिश पेपर मारून उपयोग नाही, कारण मुलामा गेलेल्या जागी गंज पुन्हा लवकर धरतो. पिस्टन नवाच घ्यावा. सील ज्या खाचेत बसते तिच्या तळाशी साचलेला गंज लाकडाच्या किंवा पितळेच्या टोकाने काढावा. ही खाच साफ न करता नवे सील बसवले, तर सील वर उचलले जाते आणि पिस्टनला आवळते. मग नवा रबर किट घालूनही ब्रेक धरतो आणि माणूस चक्रावून जातो. धुण्यासाठी पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरू नये. ब्रेक क्लीनर किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरावे. सरकत्या पिनांचे ग्रीससुद्धा ब्रेकसाठीचे, रबराला मानवणारेच हवे. साध्या ग्रीसने पिनांची रबरी कव्हरे फुगतात, त्यामुळे कराडला कोणते ग्रीस लावले गेले हे ठाऊक नसेल तर ते पूर्ण पुसून काढणे श्रेयस्कर.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना एक दक्षता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत दाबू नये. रोजच्या वापरात वॉशर जिथपर्यंत कधी जात नाहीत, तिथे गंज किंवा गाळ साचलेला असतो आणि त्यावरून घासल्यास वॉशर कापले जातात. मग चांगला असलेला मास्टर सिलिंडर तुमच्याच हातून निकामी होतो. पेडलखाली लाकडाची फळी ठेवली की हा धोका टळतो. डबी एकदाही रिकामी होऊ देऊ नये आणि पेडल कडक लागल्याखेरीज गाडी जागची हलवू नये.

गुहागरकर

काम पूर्ण झाले. नाशिककरांची शंका खरी ठरली, आणि कोल्हापूरकरांचीही.

फ्लेअर पाना आणि एका रात्रीची उसंत मिळाल्यावर तो नट सुटला. डावा होज काढल्यावर त्यात तोंडाने फुंकून पाहावे असे मनात आले होते, पण ऑइल विषारी असल्याने ते टाळले आणि होज धारदार सुरीने उभा चिरला. आतला थर एका टोकाशी इतका फुगला होता, की सुतळीएवढीच वाट उरली होती. उजवा होज चिरला, तर त्याचीही सुरुवात झाली होती.

पिस्टनवर टोपीच्या जागी साधारण पाच मिलिमीटर रुंदीचा गंजाचा पट्टा होता आणि त्यात नखाला लागणारे खड्डे होते. टोपी खालच्या बाजूने फाटलेली होती. नवा पिस्टन आणि रबर किट चिपळूणला मिळाला. खाचेतील गंज काढायला मला जवळजवळ दोन तास लागले. बांबूच्या टोकदार काडीने तो उत्तम निघाला. पिनांवरचे ग्रीस काळे आणि चिकट होते, ते पुसून ब्रेकचे ग्रीस लावले. कराडचे पॅड एकीकडे झिजल्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुन्हा नवे पॅड टाकले. संपूर्ण जुने ऑइल काढून डॉट ३ भरले आणि पेडलखाली फळी ठेवूनच चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला आहे.

त्यानंतर पत्नीने पुन्हा पंचवीस वेळा पेडल दाबले आणि दोन्ही चाके लगेच फिरली. काल गाडी चिपळूणमार्गे हेळवाकपर्यंत नेऊन आणली. एका मित्राकडून उष्णता मोजण्याचे यंत्र घेतले होते. वर पोहोचल्यावर डाव्या डिस्कचे तापमान ५८ अंश आणि उजव्या डिस्कचे ५५ अंश भरले. सासरे शेजारी बसले होते आणि त्यांनी परतीच्या वाटेवर चिपळूणपासून पुढचा सपाट भाग स्वतः चालवला.

एक प्रश्न राहतो. गाडी यापुढेही पावसाळ्यात उभीच राहणार आहे. तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवावा की नाही?

सोलापूरकर

ओढून ठेवू नये. ओलाव्यात लायनर ड्रमला चिकटतात आणि हँडब्रेकची केबलही तिच्या आवरणात गंजून तशीच ओढलेली राहते. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. शक्य असल्यास घरातील कोणीतरी पंधरा दिवसांतून एकदा गाडी शेडच्या बाहेर काढून, चार-सहा वेळा ब्रेक दाबून परत आत घ्यावी. पिस्टन जागचे हलत राहतात. मागचे ड्रम या निमित्ताने एकदा उघडाच. धूळ मात्र फुंकून किंवा हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

नाशिककर

पाचशे किलोमीटर झाल्यावर डाव्या चाकाचे दोन्ही पॅड काढून जाडी ताडून पाहावी आणि होजच्या दोन्ही जोडांवर ओल दिसते का, हे कोरड्या कागदाने टिपून बघावे. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. गुहागरच्या हवेत त्याहून उशीर करू नये. या वेळची तारीख डबीजवळ कागद चिकटवून लिहून ठेवली, तर पुढच्या वेळी सासऱ्यांना आठवावे लागणार नाही.